हळद्याचा उंबरा

आमच्या घरात कुत्र्याने उंबरा ओलांडायचा नाही, हा नियम माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, केलेला नव्हता. तो त्यांच्या वडिलांचा होता. परंतु तो एखाद्या कुत्र्याच्या अंगी मुरवून दाखवला तो मात्र अण्णांनी, आणि ते कुत्रे म्हणजे आमचा हळद्या.

आमचे कुलदैवत खंडोबा. चंपाषष्ठीला तळी भरायची, बाजरीचा रोडगा आणि वांग्याचे भरीत यांचा नैवेद्य दाखवायचा आणि त्यातला घास कुत्र्याला घालायचा, हे आमच्याकडे कधी चुकले नाही. कुत्रा देवाचा, तेव्हा त्याचा मान मोठा. पण मान मोठा म्हणून जागा बदलत नाही, असे अण्णांचे मत होते. देवाच्या घोड्याला कोणी देव्हाऱ्यात बांधत नाही, हा त्यांचा ठरलेला दाखला. त्यामुळे रोडग्याचा घासही उंबऱ्याच्या आतून बाहेर दिला जाई, आणि तो घेणारा बाहेरच राही.

दिंडोरीच्या अलीकडे आमचा द्राक्षांचा मळा आहे. एका काढणीच्या हंगामात मजुरांच्या टेम्पोतून एक पिवळसर पिल्लू उतरले ते परत चढले नाही. अंगाचा रंग भंडाऱ्यासारखा, म्हणून आत्याने त्याला हळद्या म्हटले. अण्णांनी त्याला शिकवले ते असे: स्वतः उंबऱ्याच्या आत पाटावर बसायचे, भाकरीचा तुकडा आपल्या गुडघ्याजवळ ठेवायचा आणि पिल्लाने उंबऱ्यावर पंजा ठेवला की आवाज न चढवता एकच शब्द म्हणायचा, "उंबरा." पिल्लू मागे सरले की भाकरी बाहेर जाई. काठी नव्हती, लाथ नव्हती, दरडावणेही नव्हते. पिल्लाचे कुत्रे होईपर्यंत त्या शब्दाची गरजच उरली नाही. दाराशी जमिनीपासून उचललेली आडवी पट्टी दिसली, मग ते घर असो, द्राक्षे भरण्याची शेड असो, देऊळ असो की गावातले किराणा दुकान, हळद्या तिला पुढचे पंजे लावून बसे आणि आत पाहत राही. पाहुणे आतल्या बाजूला मटणाचे हाड ठेवून त्याची परीक्षा घेत. हाड तसेच राही, हळद्याची लाळ गळत राही, आणि अण्णा भिंतीला टेकून सुपारी कातरत असत, जणू या सगळ्याशी त्यांचा काही संबंधच नव्हता.

मी त्यांचा एकुलता एक मुलगा. नाशिकच्या न्यायालयात दिवाणी दावे चालवतो; आता चालवत होतो असे म्हणायला हवे. माझी बायको स्नेहल द्राक्षांच्या रोगांची अभ्यासक. भुरी नावाचा जो रोग घडांवर पांढरी भुकटी धरून अख्खा माल वाया घालवतो, त्यावर तिने नाशिकच्या प्रयोगशाळेत इतकी वर्षे काम केले, की नेदरलँडमधल्या एका संशोधन केंद्राने तिला कायमच्या नोकरीवर बोलावले. ते पत्र आले त्या संध्याकाळी आम्ही ओट्यावर बसलो होतो आणि हळद्या तिच्या पायांवर हनुवटी टेकून पडला होता. ती म्हणाली, की ती जाणार आहे. मी आलो तर आनंदाने आणि हळद्यासह. मी आलो नाही तर दुःखाने आणि हळद्यासह. या मांडणीत मी सवयीने पळवाट शोधली. ती सापडली नाही, आणि खरे सांगायचे तर सापडावी अशी माझी इच्छाही नव्हती.

बातमी गावात गेली तेव्हा तिच्यातला रोग, संशोधन आणि कायमची नोकरी हे सारे वाटेत कुठेतरी गळून पडले होते. उरले होते एवढेच, की वकील बायकोच्या मागे चालला आहे आणि कुत्रे बरोबर नेतो आहे. गोटीराम काका हे अण्णांचे चुलतभाऊ. त्यांचा मुक्काम बहुतेक गावच्या पारावर असतो. त्यांनी या बातमीला चाल लावली: "पुढं बाई, बाईमागं नवरा, नवऱ्यामागं कुत्रं. वरात निघाली परदेशाला." ही ओळ आठवडाभरात आमच्या बांधापर्यंत पोचली. मळ्यात फवारणी करणारे लोक मला पाहून हसू दाबत.

नातेवाइकांचे आक्षेप मी एकेक करून ऐकले आणि एकेक करून खोडले. कुत्रे विमानात मरेल, असे एकाने सांगितले; मी त्याला विचारले, की त्याच्या माहितीत विमानात मेलेले कुत्रे कोणते. एवढ्या खर्चात बैल येईल, असे दुसऱ्याने सांगितले. मी म्हणालो, की नेदरलँडला बैल नेण्याचा आमचा विचार नाही. तिकडे दुसरे कुत्रे घ्या, चांगल्या जातीचे मिळते, असे सर्वांनीच सांगितले. त्यावर मी म्हणालो, की माणूस बदलीच्या गावी निघाला म्हणजे आईला इथेच ठेव, तिथे दुसरी मिळेल, असे त्याला कोणी सुचवत नाही. ही उपमा फार ताणलेली होती हे मी मान्य करतो. पण तिचे उत्तर कोणी दिले नाही, हेही नमूद करतो.

आम्हाला मूल नाही. हे सर्वांना ठाऊक होते आणि आजवर आमच्या तोंडावर कोणी बोलले नव्हते. एका साखरपुड्याच्या पंगतीत, वाढपी जिलबी घेऊन पुढे सरकल्यावर, गोटीराम काकांनी तेही बोलून टाकले. म्हणाले, "घरात पाळणा नाय, मग मन कुठंतरी रमवायचं. आपण समजून घ्यावं."

स्नेहल माझ्या समोरच्या ओळीत होती. ती उठली नाही, तिने मान खाली घातली नाही. तिने जिलबीचा तुकडा मोडला आणि काकांकडे पाहून नेहमीच्या आवाजात सांगितले:

"काका, आम्हाला मूल नाही आणि आमच्याकडे कुत्रा आहे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही मध्ये 'म्हणून' घालू नका."

मी आयुष्यभर वादविवाद केले. इतका कमी शब्दांत मिळवलेला निकाल माझ्या खाती नाही.

या सगळ्या गदारोळात अण्णा एक शब्द बोलले नव्हते.

तयारीतली सरकारी बाजू सुरळीत पार पडली. नाशिकच्या डॉक्टर निकिता या जनावरांच्या डॉक्टर. त्यांनी हळद्याच्या मानेखाली तांदळाएवढी, ओळख पटवणारी चिप घातली, तिच्यानंतर पिसाळरोगाची लस टोचली, आणि महिनाभराने रक्त काढून परदेशी प्रयोगशाळेत पाठवले. क्रम चुकला तर सगळे पहिल्यापासून करावे लागते, असे त्यांनी बजावले होते. क्रम चुकला नाही. रक्ताचा अहवाल चांगला आला. रक्त दिल्यापासून तीन महिने थांबायचे, असा तिकडचा कायदा. तेही आम्ही थांबलो. मधल्या काळात द्राक्षांत साखर भरली, काढणी झाली, आणि प्रवासाचा पिंजरा घरी आला.

तो पिंजरा म्हणजे जाड प्लास्टिकची एक पेटी होती: तिन्ही बाजूंना झरोके, पुढे लोखंडी जाळीचे दार. नियमात बसणारी, मजबूत, हळद्याला उभे राहून वळता येईल एवढी. मी ती अंगणात ठेवली, दार उघडले आणि हळद्याला हाक मारली. तो शेपूट हलवत आला, दारापाशी पोचला आणि थांबला. पुढचे दोन्ही पंजे त्याने दाराच्या तळाशी टेकवले, बसला आणि आत पाहू लागला.

दाराच्या तळाशी चार बोटे उंचीची पट्टी होती. जगातल्या सगळ्याच पिंजऱ्यांना ती असते. आतले पाणी किंवा अंथरूण बाहेर येऊ नये म्हणून. हळद्याला पिंजऱ्याचे हे प्रयोजन ठाऊक नव्हते. त्याला उंबरा ठाऊक होता.

आम्ही आत भाकरी ठेवली, मग मटण ठेवले, मग स्नेहलची जुनी साडी अंथरली. मी स्वतः गुडघ्यांवर रांगत अर्धा आत गेलो आणि तिथून त्याला बोलावले. त्याने फार प्रेमाने माझ्या पोटरीला नाक लावले आणि बाहेरच राहिला. मळ्यातल्या एकाने त्याला मागून ढकलले तेव्हा तो आयुष्यात पहिल्यांदा गुरगुरला, आणि मी त्या माणसाचा हात धरला. डॉक्टर निकितांना विचारले. त्यांनी स्पष्ट सांगितले, की गुंगीचे औषध देता येणार नाही. विमानात ते धोक्याचे असते आणि कोणतीही विमान कंपनी गुंगीतला कुत्रा घेत नाही. आणि पिंजऱ्यात कोंबलेला, घाबरून जाळी चावणारा कुत्राही परत पाठवतात. त्याने आपल्या पायांनी आत जायला हवे आणि आत शांत झोपायला हवे. हे झाले नाही, तर सगळे कागद बिनचूक असूनही हळद्या मुंबईहून परत येणार होता.

जो शब्द अण्णांनी घातला, तो त्यांनाच काढता येईल, हे उघड होते. मी त्यांच्याकडे गेलो. ते ओट्यावर बसले होते. मी मुद्देसूद बोललो. नियमाचा हेतू घर स्वच्छ राहावे हा आहे, पेटी हे घर नव्हे, हेतू जिथे संपतो तिथे नियमही संपतो. तेव्हा त्यांनी हळद्याला एकदा आत बोलवावे, म्हणजे प्रश्न सुटेल.

अण्णांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, "तुला मी उद्या सांगितलं, की आजपासून घरातला कायदा बदलला, तर तुला समजंल. तू तुझं मत देशील, भांडशील, पण समजंल. त्याला काय सांगशील?"

"त्याला सवय होईल."

"सवय व्हईल. पण मी त्याला इतकी वर्षं एक गोष्ट खरी म्हणून सांगितली. आता ती खोटी होती असं मीच सांगू? मग तो कशाला धरून राहील? माणसाला शब्द फिरवून देता येतो. जनावराला एकदाच."

त्यांनी पुढे सांगितले, की आम्हाला जायचे तर आम्ही जावे, ते अडवत नाहीत. सुनेचे नाव झाले याचा त्यांना आनंदच आहे. मात्र आपला शब्द ते मोडणार नाहीत, आणि कुत्रे त्या शब्दापायी इथेच राहिले तर ते त्याला अखेरपर्यंत सांभाळतील. या म्हणण्यात कुठेही दुष्टावा नव्हता, हीच अडचण होती. चुकीच्या माणसाशी भांडता येते. अण्णा मला बरोबर वाटत होते आणि तरीही मला ते मान्य नव्हते.

स्नेहल दाराआडून ऐकत होती. तिने माझ्या युक्तिवादाबद्दल काही मत दिले नाही. सकाळी मी उठलो तेव्हा ती साडीचा पदर खोचून, हातात फावडे घेऊन अंगणात खणत होती, आणि आत्या ओट्यावर उभी राहून तिला विचारत होती, की परदेशी जायच्या आधी ही कोणती लागवड.

आत्या म्हणजे पुतळाबाई, अण्णांची थोरली बहीण; विधवा झाल्यापासून आमच्याकडेच असते. स्नेहल तिला म्हणाली, "अण्णांचं खरं आहे आत्या. त्याला खोटं पाडायचं नाही. पण उंबराच नसला तर?"

तिने चार बोटे खोल, पेटीच्या मापाचा चौकोन खणला आणि पेटी त्यात बसवली. पट्टीची कड जमिनीच्या पातळीला आली. आत तिने गोणपाट अंथरून तळही तेवढाच उचलला. आता दारात उंबरा नव्हता. जमीन सरळ आत जात होती. हळद्याने पेटीला दोन फेऱ्या घातल्या, दाराशी थांबून माती हुंगली, आणि आत जाऊन गोल फिरून पसरला. आत्या म्हणाली, "बाई गं, तू वकील झाली असतीस तर माझा भाचा उपाशी मेला असता."

अण्णांनी ते पाहिले. "वकिली हाय," एवढेच बोलले. पण जवळ येऊन त्यांनी पायाने कडेची माती दाबून दिली.

त्यानंतर स्नेहलने जे केले ते द्राक्षाच्या वेलीला मांडवावर चढवणाऱ्यांनाच सुचावे: घाई न करता, वेलीला कळू न देता वळवायचे. हळद्या मळ्यात गेला की ती पेटी उचलून खाली थोडी माती पसरे. पट्टी रोज जेमतेम अर्धे बोट वर येई. हळद्या रोज आत जाई. पाऊल कालच्यापेक्षा किंचितच जास्त उचली. शेवटी पेटी खड्ड्यातून पूर्ण वर आली, अंगणात आपल्या उंचीने उभी राहिली, आणि तो पट्टी ओलांडून आत जाऊ लागला. घराचा उंबरा मात्र त्याने ओलांडला नाही. त्याच्या लेखी ती पेटी म्हणजे अंगणाचाच एक कोपरा होता. कोणाचाही शब्द मोडला नव्हता. मला वाटले, आम्ही जिंकलो.

निरोपाला नातेवाईक आले त्या दुपारी गोटीराम काकाही आले. अंगणात खुर्च्या टाकल्या होत्या. कोणीतरी म्हणाले, पाहू द्या तुमच्या कुत्र्याचं विमान. स्नेहलने हळद्याला खूण केली. तो ऐटीत निघाला, पुढचे पंजे आत ठेवले, आणि त्याच क्षणी काका खुर्चीतून, अण्णांच्या आवाजाची नक्कल करत, शांतपणे म्हणाले, "उंबरा."

हळद्या थिजला. मग एकेक पंजा काढून घेत मागे आला, पट्टीला पाय लावून बसला आणि अण्णांकडे पाहू लागला. मंडळी हसली. काका म्हणाले, "बघा, गावचं कायदेपालन."

स्नेहलने पुन्हा खूण केली. तो हलला नाही. मी भरलेला खड्डा पुन्हा उपसून पेटी त्यात बसवली, जमिनीच्या पातळीला आणली. तरीही तो हलला नाही. आता त्याला जमिनीचाही भरवसा राहिला नव्हता. अण्णांनी ज्याची भीती बोलून दाखवली होती, तेच माझ्या अंगणात, पाहुण्यांच्या हसण्यात घडले होते. आणि मुंबईला निघायला आठवडाही उरला नव्हता.

"काका," स्नेहल म्हणाली, "तुम्ही आता निघा. चहा पुढच्या वेळी."

काका हसत उठले, तेव्हा त्या दुपारी अण्णा पहिल्यांदा बोलले. "गोटीराम, हा शब्द तुला कोणी दिला?"

"शब्द काय, कुणाच्या बापाचा असतो का?"

"हा माझ्या बापाचा हाय," अण्णा म्हणाले.

काका गेले, आणि त्यांच्या मागोमाग बाकीची मंडळीही चपला शोधू लागली.

संध्याकाळी जेवणे झाली. आमच्याकडे शेवटची भाकरी कुत्र्याची. आत्या ती घेऊन दाराशी जाणार, तेवढ्यात अण्णांनी ती तिच्या हातातून घेतली. ते दाराशी गेले. आणि ज्या माणसाने मला लहानपणी उंबऱ्यावर नुसता पाय ठेवला म्हणून दिवसभर घराबाहेर उभे केले होते, तो माणूस खाली वाकला, चौकटीला हात धरून बसला. उंबऱ्याच्या आत नव्हे, बाहेर नव्हे, नेमका उंबऱ्यावर. धोतराचा घोळ त्यांनी दोन्ही बाजूंनी पसरला. लाकूड कुठेच दिसेना.

आत्या दचकली. "सावळीराम, उंबऱ्यावर बसू नये."

"ठाऊक हाय, अक्का."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि घराच्या आत, आपल्या पाठीमागे ठेवला. मग दोन्ही हात मांडीवर ठेवून गप्प बसले. हळद्या ओट्यावर होता. तो आला, जिथे उंबरा असायचा तिथे थांबला, आणि त्याला तिथे अण्णा सापडले. त्याने त्यांचा गुडघा हुंगला. खाली पाहिले, बाजूला पाहिले, त्यांच्या तोंडाकडे पाहिले. अण्णांनी त्याला बोलावले नाही. त्यांनी फक्त मान एका बाजूला केली. हळद्याने एक पंजा त्यांच्या मांडीवर ठेवला, मग दुसरा, आणि त्यांच्या अंगावरून, धोतराला मातीचे ठसे उमटवत, तो घरात उतरला.

स्नेहलने तोंडावर हात ठेवला होता. आत्या देवाचे नाव घेत होती. हळद्याने भाकरी खाल्ली आणि मग, घरात काय करतात हे माहीत नसल्यामुळे, तो मध्यावर तसाच उभा राहिला.

अण्णा मागे न पाहता बोलले. "मी शब्द मागं घेतला नाय. उंबरा झाकला."

मी विचारले, "मग त्या दिवशी का नाही झाकलात?"

"त्या दिवशी मला वाटत होतं, हा शब्द माझ्यापाशी हाय. आज कळलं, तो मोकाट सुटलाय. मी हाय तोवर ठीक. मी गेल्यावर हा इथं राहिला, तर ज्याला मजा वाटंल तो याला जागेवर बसवील, आणि हा येडा सगळ्यांचं ऐकंल. गोटीरामचं ऐकायला मी नव्हतं शिकवलं त्याला." त्यांनी धोतरावरची माती झटकली. "न्या त्याला. तिकडं मराठी कोणाला येत नाय, ते बरंच हाय."

पुढचे दिवस त्यांनी त्याच रीतीने पेटीचे काम केले. आधी पट्टीवर आपला हात आडवा ठेवला. हळद्या हातावरून आत गेला. मग हाताच्या जागी खांद्यावरचा पंचा पसरला. हळद्याने पंचा हुंगला, अण्णांचा वास ओळखला आणि तो आत गेला. मी मुद्दाम एकदा बाजूला उभे राहून तो शब्द उच्चारला, अगदी त्यांच्याच स्वरात. हळद्याने कान टवकारले, पंच्याकडे पाहिले, आणि गोणपाटावर आडवा झाला. अण्णा मला त्या प्रयोगाबद्दल रागावले नाहीत. फक्त म्हणाले, की बास, आता परत नको.

निघण्याची सकाळ. द्राक्षांचे क्रेट वाहणारी आमची पिकअप नाशिकपर्यंत, तिथून पुढे मुंबईला मोठी गाडी, असे ठरले होते. पेटी मागच्या हौद्यात दोरांनी आवळली. स्नेहल चालवणार होती. तिच्या शेजारची जागा अण्णांसाठी ठेवली होती. मुंबईपर्यंत सोबत येतो, असे ते आदल्या दिवशीच म्हणाले होते. मी मागे, चालकाच्या केबिनला पाठ लावून, पेटीच्या पुढे बसलो. हळद्या आत होता, पंच्यावर हनुवटी टेकून.

आत्याने आमच्या हातांवर दही घातले. हळद्याला काय घालावे हे तिला सुचेना. शेवटी तिने जाळीतून त्याच्या कपाळाला चिमूटभर भंडारा लावला. पिवळ्यावर पिवळा, तो दिसलाही नाही.

अण्णा पुढे जाऊन दार उघडतील म्हणून स्नेहल वाट पाहत होती. ते पुढे गेले नाहीत. त्यांनी मागच्या फळीवर पाय दिला, मी हात दिला तो घेतला नाही, आणि चढून पेटीच्या मागे, अगदी टोकाला, मांडी घालून बसले.

स्नेहलने खिडकीतून मान बाहेर काढून विचारले, की मळ्यामागच्या रस्त्याने घेऊ का. तो जवळ पडतो आणि तिथे कोणी नसते. मला तिच्या प्रश्नातली माया कळली. अण्णांनाही कळली असावी.

"गावातून घे," ते म्हणाले. "आणि हळू चालव."

तिने हळू चालवली. शाळेवरून, दुकानावरून, देवळावरून आम्ही गेलो. लोक दारात येऊन पाहत होते. पारावर नेहमीची मंडळी होती, मध्ये गोटीराम काका. त्यांनी आम्हाला येताना पाहिले, आणि मला दिसले, की त्यांच्या ओठांवर ती ओळ आली आहे. कारण ती आता जशीच्या तशी त्यांच्या समोरून चालली होती. पुढे बाई, बाईमागे नवरा, नवऱ्यामागे कुत्रे.

अण्णांनी चालकाच्या केबिनवर हाताने थाप मारण्याची खूण मला केली. मी थाप मारली. स्नेहलने गाडी पारासमोर उभी केली.

"गोटीराम," अण्णा मोठ्याने म्हणाले, पारावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असे, "तुझ्या वरातीत कुत्र्यामागं म्हातारं राहिलं होतं. मोजून घे."

पेटीतून हळद्या एकदा भुंकला. अण्णांनी पेटीवर हात ठेवला आणि मला सांगितले, की आता सुनेला म्हणावे, चालू दे.